राब जाळत नाहीत, भाजतात

एप्रिल-मे महिन्यांत मुरबाड, जव्हार, कर्जत, पेण या बाजूंना गेलं की शेताशेतांतून धूर निघताना दिसतो. भडका क्वचितच असतो. बांधालगतच्या एखाद्या उंचवट्यावर शेण, टहाळ (पानांसकट तोडलेल्या फांद्या), पातेरा (गळलेला पाला), गवत असे थर देऊन वर माती पसरलेली असते आणि ते सगळं आतल्या आत धुमसत असतं. हा राब. दक्षिण कोकणात भाजावळ म्हणतात. पावसाआधी भाजलेल्या या तुकड्यात भाताचं रोप वाढवायचं आणि ते हाताएवढं झालं की उपटून खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतात, लावायचं. वरकस, म्हणजे माळाच्या, उताराच्या जमिनीवरच्या नाचणी-वरीचं रोपही असंच करतात.

निर्वसाहतीकरण (वसाहतीच्या राजवटीने लावलेल्या विचारांच्या सवयी सोडणं) हा शब्द मराठी लेखनात आता बराच रुळला आहे. त्याबरोबर ‘स्थानिक ज्ञानपरंपरा’, ‘देशी शहाणपण’, ‘आदिवासींचा निसर्गविचार’ हे शब्दही येतात. लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण असे दहा लेख वाचले तरी एकही गोष्ट करता येईल इतकी कळत नाही, याची खंत वाटते. ज्ञानाचा गौरव होतो आणि ज्ञान लेखाबाहेरच राहतं. म्हणून इथे राब ही एकच गोष्ट धरून, असं ज्ञान कागदावर उतरवताना काय सांभाळावं लागतं आणि हात कुठे चुकतो, ते पाहू.

सुरुवात क्रियापदापासून. राब जाळत नाहीत, भाजतात. ‘राब भाजला का?’ असंच विचारतात. जाळणं म्हणजे वस्तू नाहीशी करणं. भाजणं म्हणजे वस्तू ठेवून तिच्यात बदल घडवणं. भाकरी भाजतात, मडकं भाजतात, वीट भाजतात. राबात भाजली जाते ती जमीन. टहाळ आणि शेण हे तिचं सरपण. ज्याने हे क्रियापद नीट ऐकलं त्याला अर्धी पद्धत कळली. ज्याने ‘फांद्या जाळून राख करतात’ असं लिहिलं, त्याच्या हातून ती पहिल्याच ओळीत निसटली. या निसटण्याचा इतिहास मोठा आहे, त्याकडे येईनच. आधी पद्धत.

रोपासाठी लागणारी जागा लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी असते, म्हणजे एक हेक्टर खाचराला दहा गुंठ्यांच्या आसपास. जागा उंचावरची आणि पाणी न तुंबणारी निवडतात. पावसाळा संपून गवत वाळलं की मालाची जमवाजमव सुरू होते. ऐनाचा टहाळ सर्वांत पसंतीचा. त्याची पानं दाट, वाळल्यावर सावकाश जळणारी, आणि छाटलेलं झाड पुन्हा चांगलं फुटतं. तोडताना शेंडा राखतात. आंबा, फणस, मोह यांना कोयता लावत नाहीत, कारण त्यांच्याकडून दुसरं काही मिळवायचं असतं. एकाच ऐनावर वर्षामागून वर्षं कोयता चालला तर त्याचा नुसता खांब उरतो, म्हणून झाडाला मधे विश्रांती द्यावी लागते. तोडलेल्या फांद्यांचे भारे बांधून ते झाडाखालीच किंवा शेतात सुकत ठेवतात.

मग थर. सगळ्यांत खाली शेण किंवा फोडलेल्या गोवऱ्या. त्यावर टहाळ, दाबून, मधे पोकळी न ठेवता. त्यावर झाडलेला पातेरा. त्यावर गवत किंवा पेंढा, म्हणजे पाला उडत नाही. आणि सगळ्यांत वर बारीक माती. ही वरची माती नवख्याला विचित्र वाटते, कारण आग पेटवायची तर माती कशाला? पण सगळी मेख तिथेच आहे. मातीमुळे आग भडकत नाही, ऊब वर निघून जाण्याऐवजी खाली उतरते, आणि नंतर राख वाऱ्यावर जात नाही. पेटवायचं ते वारा पडलेला असताना, आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाने. म्हणजे आग वाऱ्याच्या दिशेने धावत सुटत नाही, वाऱ्याला सामोरी एकेक पाऊल चालते. जितकी हळू चालेल तितकी जमीन भाजेल.

काय बिघडतं तेही सांगायला हवं. माहिती असलेला माणूस तेच आधी सांगतो. लाकूड जाड पडलं तर एकेका जागी आच जास्त लागते, मातीचं खापर होतं आणि तिथे रोप बसत नाही. थर विरळ पडला, किंवा आग वाऱ्याबरोबर धावली, तर वरचं गवत जळून जातं आणि जमीन कोमटच राहते. मग जूनमध्ये रोपापेक्षा तण वर येतं. भाताच्या रोपात उगवलेलं गवत कोवळं असताना भातासारखंच दिसतं, बेणताना, म्हणजे तण उपटताना, हाताला कळत नाही, आणि ते रोपाबरोबर खाचरात जातं. वळवाचा जोरदार पाऊस राब भाजण्याआधी आला तर माल भिजतो, आणि भाजल्यावर लगेच आला तर राख उतारावरून वाहून जाते. म्हणून काही जण रोहिणीतच धूळपेर करून बी मातीआड करतात आणि काही जण मृगाच्या सरींची वाट बघतात. दोघांचीही कारणं आहेत. धूळपेरीला रोप लवकर मिळतं, पण पहिल्या सरीनंतर उघडीप पडली तर कोंब करपतात. वाट पाहणाऱ्याचं बी वाचतं, पण लावणी मागे जाते. शेजारशेजारच्या दोन शेतांत हे दोन निर्णय दिसतात आणि दोन्ही ‘परंपरा’च असतात.

शेणाचा राब सर्वांत चांगला, टहाळाचा त्याखालोखाल, नुसत्या गवताचा हलका, असा लोकांचा हिशेब आहे. पण शेण कधीच पुरत नाही, म्हणून टहाळ. आणि टहाळ कुठून? तर वरकसातून. ठाणे-कुलाब्याकडे (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) भाताच्या खाचरांना लागून असलेली ही माळाची, उताराची जमीन राबासाठी, गवतासाठी आणि नाचणी-वरीसाठी असे. खाचर आणि वरकस ही जोडी आहे. एक काढून घेतलं तर दुसरं लंगडं होतं.

ते काढून घेतलं गेलं, निदान तसा प्रयत्न झाला. 1878 च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित वनं ठरवण्याचं काम जोरात सुरू झालं. ठाणे-कुलाब्यात टहाळ कुठे तोडायचा, किती तोडायचा, कोणत्या झाडाचा तोडायचा, यावर बंधनं आली. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं, त्यातही वनखात्याने शेतकऱ्याची चराई आणि रानावरचा आधार तोडल्याची तक्रार जळजळीत शब्दांत आहे. असंतोष इतका वाढला की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. राब हा त्यातला एक कळीचा प्रश्न होता.

त्या काळातल्या कागदांमध्ये राबाची नोंद मुख्यतः ‘राखेचं खत’ म्हणून होते. एकदा खत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: याऐवजी दुसरं खत का चालणार नाही? मग राबाशेजारी इतर खतं टाकून रोपांची तुलना करण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांवर वर्षानुवर्षं वाद झाले. नाव चुकलं म्हणून प्रश्न चुकला, आणि प्रश्न चुकला म्हणून उत्तराने काही मिटेना. शेतकरी जे सांगत होता ते त्याच्या क्रियापदातच होतं. वसाहतीच्या राजवटीने ज्ञान चिरडलं असं आपण ढोबळपणे लिहितो. इथे ते कसं घडलं ते बारकाईने दिसतं. कोणी राबाला मूर्खपणा म्हटलं, कोणी त्याची बाजूही घेतली. पण विरोधक असो की कैवारी, दोघांच्या टेबलावर तो आला तो खताच्या सदरात.

1912 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून या विषयावर एक सविस्तर रासायनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखक तिघे: हॅरॉल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर. नुसत्या राखेने राबाचा सगळा परिणाम उलगडत नाही, जमीन तापण्याचा त्यात मोठा वाटा आहे, हे त्या कामातून पुढे आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर वरचा थर तापला की तणाचं बी आणि किडी मरतात, मातीतल्या सूक्ष्मजीवांची घडी बदलते, नत्र आणि स्फुरद रोपाला घेता येईल अशा रूपात मोकळं होतं, आणि चिकण माती भुसभुशीत होते. राखेतलं पालाश वेगळंच.

हा अभ्यास हाती आला की लिहिणाऱ्याला मोठा मोह होतो: ‘पाहा, विज्ञानाने सिद्ध केलं!’ हे वाक्य लिहू नये असं मला ठामपणे वाटतं. त्यात न्यायाधीशाची खुर्ची जिथे होती तिथेच राहते, फक्त निकाल आपल्या बाजूने लागलेला असतो. उद्या दुसऱ्या एखाद्या प्रयोगात निकाल उलट आला तर काय करायचं? 1912 चं काम ही एक साक्ष आहे, चांगली साक्ष, आणि ती तेवढीच मानावी. शिवाय त्यातली दोन मराठी आडनावं विसरू नयेत. ‘पाश्चात्य विज्ञान’ विरुद्ध ‘आपलं ज्ञान’ अशी सरळ रेघ ओढली की जोशी-कानिटकरांना कुठे उभं करायचं हेच कळत नाही.

आता दुसऱ्या टोकाची चूक. वसाहतीच्या कागदाने राबाला उधळपट्टी म्हटलं, म्हणून आपण त्याला ‘निसर्गाशी एकरूप जीवनशैली’ म्हणायचं, हे उत्तर नव्हे. राबाने रानावर भार पडतो, हे राब भाजणाऱ्यालाच सर्वांत आधी कळतं, कारण टहाळासाठी त्यालाच दरवर्षी लांब जावं लागतं. पाल्यातलं बरंचसं नत्र धुरात जातं, हेही खरं. आणि श्रम! फांद्या तोडणं, भारे वाहणं, पाला झाडणं, थर लावणं ही उन्हाळ्याभराची कामं आहेत आणि त्यांतलं बरंचसं ओझं बायकांच्या डोक्यावर असतं. त्याहून कठीण गोष्ट अशी की डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात सावकारांच्या जमिनीवरचं काम वारल्यांकडून वेठीने करून घेतलं जात होतं. 1945 मध्ये वारली उठले ते या वेठबिगारीविरुद्धच. तेव्हा ‘आदिवासींची परंपरागत शेतीपद्धत’ असं लिहिताना विचारायला हवं, शेत कोणाचं होतं? ज्याच्या अंगात कसब होतं त्याच्याच नावावर शेत नव्हतं, ही गोष्ट ज्ञानाच्या वर्णनातून वगळली तर वर्णन गोड होतं आणि खोटं होतं.

‘आदिवासी’ हा शब्दही इथे जपून वापरावा लागतो. राब वारली भाजतात, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी भाजतात. तसे कुणबी आणि आगरीही भाजतात. जगभरच्या लेखनातून आलेली ‘मूळ रहिवासी विरुद्ध बाहेरून आलेले’ ही विभागणी सह्याद्रीच्या पायथ्याशी तशीच्या तशी बसत नाही. ‘देशी’ म्हणावं तर कोणाचा देश? ‘मूलनिवासी’ म्हणावं तर त्या शब्दामागे आपला एक वेगळा राजकीय इतिहास आहे. ‘पारंपरिक’ म्हटलं की गोष्ट जुनी आणि न बदलणारी वाटू लागते. मला सोपा मार्ग दिसतो तो असा की गटाचं विशेषण लावण्याऐवजी गाव, तालुका, जमीन, पीक आणि करणारी माणसं सांगावीत. विशेषणाची गरज आपोआप कमी होते.

आणखी एक घोटाळा भाषांतरातून येतो. इंग्रजीतून वाचून लिहिताना राब आणि फिरती शेती एकच समजली जाते. फिरती शेती म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून, दोन-तीन वर्षं पिकवून पुढे सरकणं. रायगडकडे ठाकूर-कातकऱ्यांची दळी, सिंधुदुर्ग-गोव्याकडची कुमेरी ही त्या जातीची. राब ठरलेल्या खाचराशी बांधलेला आहे. जमीन हलत नाही, पाला तिच्याकडे येतो. दोन्हींत आग आहे एवढंच साम्य. पण हा घोटाळा निरुपद्रवी नाही. रायगडमधल्या दळी जमिनींवरच्या हक्काचा प्रश्न 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मांडला जातो, तिथे कोण काय कसत होतं हे नेमकं लिहिलेलं असणं हा दाव्याचा भाग असतो. ढिसाळ लिहिलेला लेख उद्या कोणाच्या विरुद्ध कागद म्हणून पुढे येईल, सांगता येत नाही.

मग लिहायचं कसं? आधी ऐकणं, आणि ऐकताना कोणाकडून ऐकतो ते पाहणं. राबाबद्दल विचारलं की बहुधा घरातला पुरुष बोलतो, आणि तो आग लावण्यापर्यंतचं सांगतो. राब चांगला झाला की नाही याची परीक्षा मात्र पेरणीनंतर चार आठवड्यांनी होते, रोप उपटताना, आणि ते काम बहुतेक बायका करतात. भाजलेल्या जमिनीतलं रोप मुठीत धरून ओढलं की मुळांसकट अलगद निघतं, माती झटकली जाते, जुडी पटकन होते. न भाजलेल्या चिकण जमिनीत मुळं तुटतात, मुळांना ढेकळं येतात, ती पायावर आपटून झाडावी लागतात, आणि तुटक्या मुळांचं रोप खाचरात उभं राहायला जास्त दिवस घेतं. हे सगळं ज्ञान मनगटात आहे. ते विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि बांधावर उभं राहून विचारलं तर अर्धंच मिळतं.

‘का करता?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. आधी ‘केव्हा, कशाने, किती, कोण’ हे विचारावं, आणि ‘बिघडलं तेव्हा काय झालं होतं?’ हे नक्की विचारावं. ‘का’ विचारलं की माणूस पाहुण्याला बरं वाटेल असं उत्तर देतो. वाडवडिलांपासून चालत आलंय, असं. बिघाडाबद्दल विचारलं की कारणं आपोआप बाहेर पडतात. मापं त्यांचीच लिहावीत, भारा, पाटी, मूठ, वीत, आणि शेजारी किलो किंवा गुंठे द्यावेत, पण भारा खरोखर तोलून. दोन माणसांचं पटत नसेल तर दोघांचं लिहावं. एकमत दाखवण्याच्या हौसेपायी परंपरेतला वाद पुसला जातो, आणि वाद पुसला की विचार करणारी माणसंही पुसली जातात.

काळ सांभाळावा. ‘पूर्वी राब भाजत असत’ असं लिहिणाऱ्याने त्या मे महिन्यात तिकडे चक्कर टाकलेली नसते. कर्मणी प्रयोगही टाळावा. ‘राब भाजला जातो’ या वाक्यात माणूस नाही. वसाहतीचे अहवाल असेच बोलत, आणि आपण त्यांच्यावर टीका करताना त्यांचंच व्याकरण उचलतो.

सगळंच छापायचं नसतं, हेही इथेच सांगायला हवं. राब उघड्यावर होतो, तो कोणाचं गुपित नाही. पण तेच घर वैदूपणा करत असेल, कोणत्या मुळीचा रस कशावर देतात हे विश्वासाने सांगत असेल, तर परवानगीशिवाय ते लिहू नये. मुळी कुठल्या डोंगरावर मिळते ते तर नाहीच. वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आहे, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद आहे. लेखकाने निदान इतकं करावं: लिहिलेलं त्या गावात वाचून दाखवावं, ‘हे काढा’ म्हटलं तर काढावं, आणि छापलेली प्रत तिथे पोचवावी. मराठीत लिहिण्याचा हा फायदा आहे की वाचून दाखवता येतं. चूक असेल तर तिथल्या तिथे कोणीतरी म्हणतं, असं नाही, पाला आधी नाही, शेण आधी.

बदलही लिहावा लागतो, आणि तो ऱ्हास म्हणून नव्हे. आज कृषी विद्यापीठाची शिफारस राब न भाजता गादीवाफ्यावर रोप करण्याची आहे. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवड पद्धतीत रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, आणि गिरिपुष्पाचा पाला, गुंठ्याला 30 किलोच्या हिशेबाने, खाचरात टाकतात. हे वाचताना राब आठवल्याशिवाय राहत नाही: राख आहे, झाडाचा पाला आहे, फक्त पाला न भाजता चिखलात कुजवलेला. आणि गिरिपुष्प हे झाड मूळचं मध्य अमेरिकेतलं, आता कोकणातल्या बांधाबांधावर उभं. ऐनाचा टहाळ तेवढा देशी आणि गिरिपुष्पाचा परका, असं बांधावरचं कोणी म्हणत नाही. तिथे विचारतात, पाला किती निघतो, आणि तण राहतं त्याचं काय? गादीवाफ्यावर तण राहतंच, त्यासाठी तणनाशक येतं, त्याचा खर्च येतो. म्हणून काही जण अर्धा तुकडा अजून भाजतात.

समजा, लेखात असं वाक्य आहे: ‘कोकणातील आदिवासी पूर्वी झाडांच्या फांद्या जाळून राखेचे खत करीत.’ यातला एकही शब्द अपशब्द नाही, तरी जवळजवळ प्रत्येक शब्द चुकला आहे. ते असं लिहिता येईल: ‘जव्हारकडे मे महिन्यात शेण, ऐनाचा टहाळ, पातेरा आणि गवत यांचे थर देऊन वर माती टाकतात आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाने पेटवून रोपाची जमीन भाजतात. हळू भाजली तर तण मरतं आणि जुलैत रोप मुळांसकट निघतं.’ शब्द तिप्पट-चौपट झाले खरे. पण हे वाचून कोणी जव्हारचा माणूस म्हणू शकेल की आमच्याकडे गवताआधी तूस टाकतात, आणि मग पुढच्या मे महिन्यात ते बघायला जाता येईल.